पाणी कुठून वाहील ते आधी पाहा

चि. मुक्ता,


आजोबांच्या गिरगावातल्या खोलीच्या माळ्यावरून निघालेल्या जुन्या इन्सुलेटरांच्या गोणीचे फोटो मिळाले. एकेक मोठा करून सावकाश पाहिला. गोणीबद्दल तू तीन प्रश्न विचारलेस. हे काय आहे, कुठलं आहे, किती जुनं आहे? चोरबाजारातल्या दुकानदाराने तिन्हींचं उत्तर ‘ब्रिटिशकालीन’ या एका शब्दात दिलं आणि तुला ते पटलं नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं. ब्रिटिशकालीन म्हटलं की तारायंत्राच्या पहिल्या खांबापासून फाळणीपर्यंतचा सगळा काळ आला. तेवढ्या काळात इन्सुलेटरचं, म्हणजे तारेतली वीज खांबात किंवा भिंतीत उतरू न देणाऱ्या वस्तूचं, काम बदललं, रूप बदललं, तो बनवणारे देशही बदलले. तुझ्या गोणीतल्या वस्तू एका काळाच्या नाहीत, एका कामाच्या तर मुळीच नाहीत. जुन्या चाळी रिकाम्या करणारी तुझ्यासारखी पुष्कळ मुलं आज मुंबईत आहेत, म्हणून हे उत्तर तुझ्या एकटीपुरतं न ठेवता छापायला देतो आहे.

अशी वस्तू हातात आली की बहुतेक लोक पहिल्यांदा शिक्का शोधतात. तू तो शेवटी पाहा. शिक्का कारखाना सांगतो, कधी देश सांगतो, पण काम सांगत नाही. आणि कित्येक इन्सुलेटरांवर तो नसतोच. काम असतं आकारात. उघड्यावरच्या इन्सुलेटरचा आकार बव्हंशी पाण्याने ठरवलेला असतो.

नीट भाजलेल्या चिनी मातीच्या आरपार वीज सहसा जात नाही, ती पळते अंगावरून. धूळ, काजळी, मीठ यांचा थर बसतो, त्यावर दव किंवा पाऊस पडतो आणि तारेपासून, इन्सुलेटर ज्यावर बसवलेला असतो त्या लोखंडी पिनेपर्यंत एक ओली वाट तयार होते. त्या वाटेने वीज झिरपत राहते. इन्सुलेटर घडवणाऱ्याला मुख्यतः दोन गोष्टी साधायच्या असतात. ही वाट लांबवायची, आणि मुसळधार पावसातही तिचा काही भाग कोरडा ठेवायचा. म्हणून वस्तू जशी खांबावर बसली असेल तशी हातात उभी धर आणि मनातल्या मनात तिच्यावर पाणी ओत. कुठून वाहील, कुठे गळून पडेल, कुठे पोचणारच नाही ते पाहा. त्याने अर्धं काम होतं.

आपल्याकडे हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. विल्यम ओ’शॉनेसी हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा. १८३९ मध्ये त्याने कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले आणि १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन चालू करून दाखवली. त्याने बारीक तारेऐवजी लोखंडाची जाड सळई घेतली आणि ती बांबूंवर टाकली. सळई पुरेशी जाड असेल तर तिच्यातून वीज इतकी मोकळेपणी जाते की भर पावसातही वेगळं इन्सुलेशन लागत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. शिवाय घारींचे थवे बसोत की माकडं लोंबकळोत, सळई तुटायची नाही. मला हा माणूस फार आवडतो, कारण त्याने विलायतेतली पद्धत जशीच्या तशी न उचलता इथला पाऊस आणि इथली माकडं पाहून विचार केला. पण गळतीची बेरीज होत जाते. १ फेब्रुवारी १८५५ ला तारसेवा जनतेला खुली झाली तेव्हा कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास जोडली गेलेली होती. एवढ्या लांबीच्या लाइनवर खांबागणिक थोडीथोडी वीज जमिनीत गेली तर पलीकडच्या टोकाला काय उरणार? लांब पल्ल्याच्या लाइनला इन्सुलेटर लागणारच होता.

तुझ्या तिसऱ्या फोटोतला घंटेसारखा पांढरा इन्सुलेटर तारायंत्राच्या याच घराण्यातला, त्याला घंटाच म्हणू. आधी ती उपडी करून आत पाहा. घंटेच्या आत आणखी एक घंटा दिसेल, दोन घेर, एकात एक. युरोपात १८५० च्या दशकात हा दुहेरी घेर आला आणि तारेच्या लाइनींचं बरंचसं दुखणं त्याने बरं केलं. पाऊस बाहेरच्या घेराला भिजवतो. कौलांच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात तसं पाणी त्याच्या खालच्या कडेवरून सुटून पडतं. पिनेपर्यंत पोचायचं तर विजेला बाहेरच्या घेरावरून खाली उतरावं लागतं, त्याच्या आतल्या बाजूने वर चढावं लागतं, मग आतल्या घेरावरून पुन्हा खाली आणि पुन्हा वर. यातला बराचसा रस्ता पावसात कोरडाच राहतो. वर माथ्याजवळची खाच तारेसाठी. तार तिथे बारीक तारेने बांधून घेतात.

आता आतल्या भोकात बोट घाल. आटे लागतात का? तुझ्या फोटोत ते स्पष्ट दिसताहेत, आणि वय ठरवायला मला शिक्क्यापेक्षा त्यांचीच जास्त मदत झाली. सुरुवातीच्या इन्सुलेटरांना आटे नव्हते. लोखंडी पिन आत घालून ती सिमेंटने किंवा तसल्याच मसाल्याने पक्की करत. इन्सुलेटर फुटला की पिनेसकट सगळंच बदलायची पाळी यायची. अमेरिकेत लुई कॉवे याने १८६५ मध्ये आट्यांच्या भोकाचं पेटंट घेतलं, ते तिकडच्या काचेच्या इन्सुलेटरांवर चाललं. इंग्लंडच्या पोस्ट खात्यात कॉर्डो नावाच्या इंजिनिअरने १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चिनी मातीचा आट्यांचा इन्सुलेटर आणला. तो पिनेवर फिरवून बसवायचा, फुटला तर फिरवून काढायचा. पुढे ब्रिटिश मुलखात हीच जात सगळीकडे पसरली. म्हणजे तुझी घंटा ओ’शॉनेसीच्या काळातली असूच शकत नाही, दुकानदार काहीही म्हणो. तिची वरची सीमा मात्र आट्यांवरून ठरत नाही, कारण हा आकार विसाव्या शतकातही वर्षानुवर्षं बनत राहिला. रेल्वेच्या कडेने जाणाऱ्या तारांवर तो माझ्या पिढीने गाडीच्या खिडकीतून पाहिलेला आहे. आपली तारसेवा बंद झाली ती थेट जुलै २०१३ मध्ये.

आता शिक्का. खांद्यावर ‘बुलर्स’ वाचता येतं. हा इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधल्या कुंभारकामाच्या मुलखातला कारखाना. त्याच मुलखातला टेलर टनिक्लिफ आणि लंडनचा डोल्टन हीही जुन्या मालावर भेटणारी नावं आहेत. देशाच्या नावाकडेही बघ. १८८७ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १८८९ मध्ये हिंदुस्थानात मालावरच्या खुणांचे कायदे झाले, १८९० च्या सुमाराला अमेरिकेनेही आयात मालावर देशाचं नाव मागायला सुरुवात केली. ‘मेड इन इंग्लंड’, ‘मेड इन जर्मनी’ अशी अक्षरं त्या पुढच्या काळात सर्रास दिसू लागतात. पण देशाचं नाव नाही म्हणून वस्तू त्याहून जुनी, असा उलटा निष्कर्ष काढू नकोस. ‘ऑक्युपाइड जपान’ असं लिहिलेलं सापडलं तर मात्र काळ अगदी आवळून धरता येतो, कारण जपान अमेरिकी अमलाखाली १९४५ ते १९५२ एवढाच होता. नागोयाच्या निप्पॉन गायशी कंपनीची ‘एनजीके’ ही अक्षरं दिसली तर १९१९ च्या अलीकडे ये, कारण ती कंपनी त्या वर्षी निघाली.

रंगावरून देश ओळखणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. तपकिरी रंग झिलईत लोह आणि मँगनीज घातल्याने येतो आणि तो सगळ्या देशांत वापरलेला आहे. रंगापेक्षा पोत बोलका असतो. संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळगे असलेली तपकिरी झिलई दिसली तर ते मिठाची झिलई दिलेलं दगडी भांड्यांच्या जातीचं काम असतं, भट्टीत मीठ टाकून केलेलं. फुटका तुकडा असेल तर त्याच्या कडेला शाईचा थेंब लाव आणि थोड्या वेळाने पुस. नीट भाजलेली, घट्ट माती शाई आत घेत नाही. शाई झिरपून डाग पसरला तर ती सच्छिद्र, कोरड्या दाबाने घडवलेली माती, आणि अशी वस्तू बहुतेक घराच्या आत विजेच्या कमी दाबावर वापरलेली असते. कारखान्यातही याच तत्त्वाची चाचणी करतात, फक्त तिथे रंगीत द्रव मोठ्या दाबाखाली आत घुसतो का ते पाहतात.

त्या छोट्या पांढऱ्या जोड्या मला या गोणीत सगळ्यात मोलाच्या वाटतात. दुकानदाराने त्या फुकट देऊ केल्या, यावरून त्याला काय कळतं ते समजलं. त्यांना क्लीट म्हणतात. दोन चपटे तुकडे, मधे एक, दोन किंवा तीन खाचा आणि एका स्क्रूचं भोक. खालचा तुकडा भिंतीत ठोकलेल्या लाकडी गुल्लीवर ठेवायचा, खाचांत तारा बसवायच्या, वरून दुसरा तुकडा लावून स्क्रू आवळायचा. तारा भिंतीपासून जेमतेम बोटभर उंच, एकमेकींपासून अंतर राखून, उघड्यावरून जायच्या. तार म्हणजे तांब्यावर रबर आणि त्यावर सुताची वीण. भिंत ओलांडायची तर तार चिनी मातीच्या नळीतून पलीकडे जायची. घरात पाऊस नसतो, म्हणून बघ, क्लीटला घेरच नाही. पाण्याचा हिशेब गळला की आकार कसा साधा होतो ते इथे दिसतं. चाळीची भिंत मात्र पावसाळ्यात ओल धरते, आणि तार भिंतीला टेकू नये एवढ्याच कामासाठी ही वस्तू जन्माला आली.

मुंबईला विजेचा सार्वजनिक पुरवठा १९०५ च्या सुमाराला सुरू झाला, आणि विजेवरची पहिली ट्राम ७ मे १९०७ ला धावली. चाळींच्या खोल्यांपर्यंत वीज पोचायला त्यापुढेही पुष्कळ काळ गेला, रॉकेलचे दिवे एका दिवसात गेले नाहीत. तेव्हा गिरगावातल्या खोलीतली क्लीट १९०५ च्या अलीकडचीच धरायची. जागेचा इतिहास असा वस्तूचं वय बांधायला उपयोगी पडतो. क्लीटचं वायरिंग स्वस्त होतं, काढता-घालता यायचं, म्हणून तात्पुरत्या कामात ते पुढेही पुष्कळ वर्षं टिकलं. पण लाकडी पट्टीवरचं वायरिंग आलं, केसिंग-कॅपिंग आलं, मग नळीतलं आलं आणि क्लीट भिंतींवरून उतरत गेल्या. उतरवलेल्या क्लीट कोणी जपल्या नाहीत. आजोबांनी जपल्या.

त्याच गोणीतल्या पकडदांड्याच्या चौकोनी वस्तू म्हणजे किटकॅट फ्यूज, त्या तू स्वतःच ओळखल्यास. एकच सांगतो, त्यांच्या आत पांढरट तंतूंची पट्टी किंवा नळी असेल तर खरवडू नकोस, फुंकरही मारू नकोस. जुन्या फ्यूजमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत. ती वस्तू तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेव.

मधे कंबर बारीक असलेली रिळासारखी वस्तू म्हणजे शॅकल, कमी दाबाच्या लाइनवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या लोखंडी पट्टीत बसतो, लाइन संपते किंवा वळते तिथे. गावोगावच्या खांबांवर तो आजही दिसेल.

अंड्याच्या आकाराच्या वस्तूजवळ मात्र जरा थांबूया. तिला दोन भोकं आहेत, एकमेकांना काटकोनात. खांबाला तोल देणारी जी ताणाची तार जमिनीत जाते, तिच्या मधे हे अंडं बसवतात, म्हणजे वरून वीज उतरली तरी खालून जाणाऱ्या माणसाला किंवा गुराला धक्का बसत नाही. भोकं आडवी-उभी का? दोन्ही बाजूंच्या तारांचे फास अंड्यातून एकमेकांत अडकलेले असतात. उद्या अंडं फुटलं तरी फास एकमेकांना धरून राहतात आणि खांब कोसळत नाही. शिवाय तारा ओढल्या गेल्या की मधली माती दाबली जाते, ताणली जात नाही. चिनी माती दाब प्रचंड सोसते, ताण फार थोडा. ज्याने कोणी हा आकार पहिल्यांदा काढला त्याला मातीचा स्वभाव पुरता ठाऊक होता. अंडं मुठीत मावेल त्याहून बरंच लहान असेल तर ते रेडिओच्या एरियलचंही असू शकतं. मुंबई केंद्राचं प्रसारण २३ जुलै १९२७ ला सुरू झालं आणि गच्च्यांवर एरियल ताणल्या गेल्या त्या त्यानंतर.

राहिली ती मोठी तबकडी, वर लोखंडी टोपी आणि खाली दांडी असलेली. आजोबा परळच्या गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते, हे लक्षात घेतलं की ती माळ्यावर कशी आली असेल याचा अंदाज बांधता येतो. लाइनींवरचा विजेचा दाब वाढला तसा पिनेवरचा इन्सुलेटर मोठा, जड आणि घेरांवर घेर चढवलेला होत गेला. साठ-सत्तर हजार व्होल्टच्या पुढे तो परवडेना. १९०७ च्या सुमाराला अमेरिकेत ह्यूलेट आणि बक यांनी तबकड्यांची माळ करून तार तिच्या खाली टांगायची युक्ती काढली. दाब वाढला तर माळेत एक तबकडी वाढवायची, एक फुटली तर तेवढी बदलायची. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं आणि घाटाखालून परळच्या गिरण्यांपर्यंत वीज एक लाख व्होल्टवर आली, ती पिनांवर पेलणं शक्य नव्हतं. आजही महामार्गावरून जाताना माळेतल्या तबकड्या मोजल्या तर दाब सांगता येतो. नऊ-दहा असल्या तर १३२ किलोव्होल्ट, तेरा-चौदा असल्या तर २२०, तेवीसच्या आसपास असल्या तर ४००. मात्र माळेतल्या सगळ्या तबकड्यांवर भार सारखा नसतो. तारेला सगळ्यात जवळची तबकडी सगळ्यात जास्त दाब सोसते.

तबकडी उलटी करून खालच्या बाजूच्या कड्या पाहा. त्या उथळ असतील तर कोरड्या, स्वच्छ हवेचा माल. खोल असतील तर समुद्रकाठचा किंवा रासायनिक कारखान्यांच्या परिसरातला. किनाऱ्यावरची खारी हवा झिलईवर मिठाचा थर देते, म्हणून अतिप्रदूषित जागेसाठी दर किलोव्होल्टमागे ३१ मिलिमीटर वाट ठेवावी लागते, स्वच्छ जागेत १६ पुरते. वीज आली तेव्हा तिने वाटेत रत्नागिरी पाहिली की सोलापूर, ते त्या कड्यांत उमटलेलं असतं.

गोणीखेरीज तू हेही विचारलंस की पहिला पाऊस आला की लाइट का जाते. मी ज्यांच्याबरोबर आयुष्यभर काम केलं ते लाइनमन याचं उत्तर झोपेतही देतील. उन्हाळाभर इन्सुलेटर तापलेला असतो, त्यावर गार सर येते आणि ज्याच्या अंगात आधीच बारीक भेग आहे तो तडकतो. भेगेत पाणी शिरतं, वीज खांबातून जमिनीत उतरते आणि लाइन बंद पडते. मग रात्री, पावसात, बॅटरी घेऊन खांबामागून खांब पालथे घालायचे आणि केसासारखी ती भेग शोधायची. लाइट गेली की लोक वैतागतात ते मला समजतं, पण ती भेग शोधणाऱ्या माणसाचं कसब मी फार जवळून पाहिलं आहे.

आपल्याकडचा मालही ओळखायला शीक, कारण संग्राहक त्याला हात लावत नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं. बंगळूरचा म्हैसूर सरकारचा पोर्सिलीन कारखाना, जो १९७६ मध्ये भेलकडे गेला, बंगालमधल्या रिशड्याचा जयश्री, आबू रोडचा मॉडर्न, कमी दाबाच्या मालासाठी उत्तर प्रदेशातलं खुर्जा. भारतीय मानक ७३१ प्रमाणे बनलेल्या इन्सुलेटरवर कारखान्याची खूण, बनवल्याचं साल आणि किती ओढीला तो तुटेल तो आकडा असावा लागतो. म्हणजे जो माल कोणी विचारत नाही तोच आपलं वय स्वतःच्या तोंडाने सांगतो.

साफ करताना साबण, पाणी आणि मऊ ब्रश यांपलीकडे काही वापरू नकोस. ॲसिड नको, सँडपेपर तर नकोच. काजळीत किंवा खाचेत राहिलेल्या तारेच्या तुकड्यातही माहिती असते, धुण्याआधी फोटो काढ. आणि उभ्या खांबावरचा इन्सुलेटर कधीही काढू नकोस, लाइन मेलेली दिसली तरी. ती जिवंत असू शकते, आणि लाइनचं सामान काढून नेणं २००३ च्या वीज कायद्याखाली गुन्हा आहे.

आता तुझ्याकडे एक काम. चाळ पाडायला घेणार आहेत असं ताई म्हणाली. त्याआधी रविवारी वेळ काढून जा. भिंतींवर जिथे क्लीट अजून तशाच आहेत तिथे मेन बंद असल्याची वायरमनकडून खात्री करून घे आणि पट्टी शेजारी धरून फोटो काढ. दोन क्लीटमधलं अंतर, खाचा किती, तार कुठल्या खोलीतून कुठे जाते, भिंत कुठे ओलांडते, दिवा कुठे टांगला होता, सगळं वहीत उतरव. सुटी क्लीट बाजारात मिळेल, पण एका खोलीत वीज पहिल्यांदा कुठून आली आणि कुठे थांबली हे त्या भिंतीखेरीज कुठे मिळणार नाही. गोणीतल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांध, कुठे सापडली आणि कोणी दिली ते लिही. बाबांना विचार, आजोबा गिरणीतून निवृत्त कधी झाले. आणि तबकडीच्या टोपीवरचा गंज ओल्या फडक्याने हलकेच पुसून तिथल्या अक्षरांचा फोटो पाठव. साल बहुधा तिथेच आहे.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा